चंद्राला ओवाळलं ते वर्ष

दसरा दोन दिवसांवर आला की इंदिरानगरच्या आमच्या नाक्यावर झेंडू उतरतो. सकाळी दुधाला बाहेर पडावं, तर फुटपाथवर ताडपत्री अंथरलेली असते. तिच्यावर एक पिवळा ढीग, एक केशरी आणि मधे तागडी घेऊन बसलेली कोणीतरी बाई. मी न चुकता थांबते. फूल उचलते, देठाकडून दाबून बघते, उलटं करून हुंगते. घेणार पाव किलो आणि तपासणार सगळा ढीग. "पाणी मारलेलंय," मी म्हणते, "उद्या दुपारी काळं पडेल." यंदाच्या बाईने माझ्याकडे शांतपणे बघितलं आणि म्हणाली, "मावशी, देवाला वाहायचंय का लोणचं घालायचंय?" मला हसू आलं आणि पाठोपाठ रडूही आलं. भर नाक्यावर दुधाची पिशवी धरून मी उभी राहिले. असं बोलणारं एक माणूस दर भाऊबीजेला माझ्या घरी येत होतं.

लोकांना झेंडूचा वास सणाचा वाटतो. मला तो कामाचा वाटतो. मखमलाबादच्या पुढे आमच्या वडलांचा मळा होता आणि दसऱ्यापासून पाडव्यापर्यंत त्या मळ्यात बसायची सोय नव्हती. दव उतरलं की तोडणी. मग लिंबाखाली गोणपाटावर ढीग, टपोरी फुलं एकीकडे, बारकी एकीकडे. दाभणात सुतळी ओवून मी माळा करायची आणि माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान असलेला बाळू मला फुलं द्यायचा. त्याला सांगितलेलं असायचं की फुलांची तोंडं एका बाजूला ठेव. तो दहा फुलं नीट द्यायचा आणि अकराव्याला गप्पांत रंगून उलटं द्यायचा. मी त्याला दाभणाचा धाक दाखवायची. तो जागचा हलायचा नाही, फक्त विषय बदलायचा.

लक्ष्मीपूजनाला गावात फटाके वाजत तेव्हा आई-वडील पंचवटीच्या बाजारात फुलं विकत उभे असायचे. दुसऱ्यांच्या दारावर तोरणं लागावीत म्हणून आमचं दार बिनतोरणाचं. पाडव्याला दुपारनंतर फुलांना कुत्रं विचारत नाही. उरलेला माल तिथेच टाकून ते घरी येत आणि मेल्यासारखे झोपत. त्यामुळे आमच्या घरी दिवाळी भाऊबीजेला सुरू व्हायची आणि भाऊबीजेलाच संपायची. गावाची सगळी अभ्यंगस्नानं उरकलेली असायची तेव्हा आमचं पहिलं व्हायचं. उटणं, लिंबू, शिकेकाई, काही केलं तरी नखांतला पिवळा रंग निघायचा नाही. त्या पिवळ्या बोटांनी मी बाळूला कुंकू लावायची, अक्षता चिकटवायची, ओवाळायची. तो पाटावर डोळे मिटून बसायचा. वर्षभरात तो गप्प बसलेला तेवढाच दिसायचा.

कारण बाळूच्या तोंडात तीळ भिजत नसे. आईची बरणी फोडली तर ती आईच्या लक्षात यायच्या आधी याने येऊन सांगितलेलं. माझं लग्न ठरलं तर ते वडलांनी सोयऱ्यांना कळवायच्या आधी याने निम्म्या बाजाराला सांगितलेलं. कोणी त्याची थट्टा केली की तो ती थट्टा घेऊन घरोघर हिंडायचा. "ऐका, ताई मला काय म्हणली," अशी सुरुवात करून स्वतःवरचे विनोद तो इतरांपेक्षा जास्त रंगवून सांगायचा. पोटात काही ठेवायला त्याला जागाच नव्हती. मी बरोबर उलट. मी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं आणि मुलांना माझा धाक होता. वेळ म्हणजे वेळ. जीभ तिखट. उशिरा येणाऱ्याला मी वर्गाबाहेर उभं करायची, आणि ती सवय घरी येताना शाळेत ठेवून यायची असते हे मला कोणी सांगितलं नाही.

आमच्याकडे जेवणाचं टेबल आलं ते माझी मुलगी केतकी बारावीत असताना. वडील तोवर गेले होते, मळा बाळू बघत होता. मंदाशी त्याचं लग्न होऊन गौरी झाली होती. टेबल आल्यावरच्या पहिल्या भाऊबीजेला मी टेबलाशेजारी जमिनीवर रीतसर पाट मांडला, भोवती रांगोळी काढली. बाळू आला. पाटाकडे बघितलं, मग स्वतःच्या गुडघ्याकडे बघितलं आणि सरळ खुर्चीवर जाऊन बसला.

"ताई, खाली बसलो तर उठवायला क्रेन लागंल."

"खुर्चीत बसलेल्या माणसाला कोणी ओवाळतं का?"

"ओवाळून तर बघ. तहसीलदार वाटतो का नाय?"

टोपी नव्हती म्हणून त्याने टेबलावरचा नॅपकिन उचलून डोक्यावर टाकला आणि डोळे मिटले. मी चिडचिड करत ओवाळलं. पुढच्या वर्षी मी खुर्चीच्या चार पायांभोवती रांगोळी काढली. तिसऱ्या वर्षी केतकीने ठरावीक नॅपकिन इस्त्री करून ठेवला. मग ती पद्धतच झाली. पद्धती अशाच पडतात, असं मला वाटतं. कोणाचा तरी गुडघा दुखतो, कोणीतरी टोपी विसरतं, आणि दहा वर्षांनी पोरं विचारतात की आपल्याकडे असंच असतं का. आपण म्हणतो, हो, आपल्याकडे असंच असतं.

त्या वर्षीचं सांगायचं टाळत मी इथवर आले. आता सांगते.

त्या वर्षी परतीचा पाऊस लांबला होता. पहिला झेंडू शेतातच कुजला आणि मागून आलेला नेमका दिवाळीत हाताशी आला. बाळू पाडव्याच्या संध्याकाळपर्यंत बाजारात उभा होता. भाऊबीजेला सकाळी त्याचा फोन आला. शेतीची लाईट दिवसा आली होती, ती गेली की दोन दिवस मिळणार नव्हती. "पाणी भरतो आणि पाचला निघतो," तो म्हणाला. मी सहाचं जेवण ठरवलं होतं. त्या वर्षी केतकी पुण्याहून येऊ शकली नव्हती, पण माझ्या नणंदेकडची चार माणसं यायची होती. त्यांना मी आठवडाभर ऐकवलं होतं की माझा भाऊ येणार आहे, मळ्यातली फुलं आणणार आहे.

सहा वाजले. पुरणपोळ्या गार होऊ लागल्या. कटाची आमटी दुसऱ्यांदा उकळली. बाळूचा फोन लागेना. नणंद आपली सहज म्हणाली, "येतोय ना गं भाऊ?" त्या 'ना'ने माझं डोकं फिरलं. बिचारीच्या मनात काही नव्हतं. मी निरांजन लावलं, ताट उचललं आणि म्हणाले, "चला गच्चीवर. आज चंद्रालाच ओवाळते. तो तरी वेळेवर येतो."

ज्या बाईला भाऊ नाही, तिने भाऊबीजेला चंद्राला ओवाळायचं असतं. हे मला माहीत नव्हतं असं नाही. आमच्या मळ्याशेजारची एक काकू दरवर्षी अंगणात उभी राहून ओवाळायची आणि आई आम्हाला तिच्याकडे टक लावून बघू द्यायची नाही. बीजेचा चंद्र बारीक असतो आणि सूर्यामागोमाग जातो, उशीर केला तर सापडत नाही. समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीशेजारी तो आम्हाला सापडला. मी ओवाळलं. सगळे हसले. नणंदेच्या सुनेने फोटो काढला. तो अजून माझ्या फोनमध्ये आहे. त्यात मी चांगली खळखळून हसते आहे.

बाळू आठ वाजता आला. आमची जेवणं होत आली होती. पँटच्या पायाला गुडघ्यापर्यंत चिखल, काखेत साडीची पिशवी, हातात झेंडूचं टोपलं. द्वारका चौकात गाड्या अडकल्या होत्या म्हणाला, मोबाईल पाण्याच्या मोटारीजवळच राहिला म्हणाला. पाय धुऊन आला आणि रांगोळी काढलेल्या खुर्चीवर बसला. रांगोळी तोवर येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायांनी पुसली होती. त्याने शेजारचा नॅपकिन घेतला, स्वतःच डोक्यावर टाकला आणि डोळे मिटले.

मी म्हणाले, "काढ ते. झालं माझं ओवाळून. तुझ्या वाटचं चंद्राला ओवाळलं."

आमचे हे म्हणाले, "अगं, ओवाळ की त्याला. निरांजन पुन्हा लाव, त्यात काय?"

तेव्हा मी तिथल्या तिथे एक शास्त्र काढलं. म्हणाले, एकदा ओवाळलेलं ताट त्याच दिवशी पुन्हा ओवाळत नाहीत. असं कुठलंही शास्त्र नाही. मास्तरणीच्या आवाजात सांगितलं की काहीही खरं वाटतं.

बाळूने डोळे उघडले. नॅपकिन काढला, त्याची नीट चौघडी केली आणि ताटाशेजारी ठेवली. मग तो हसला. "बरं केलं," म्हणाला. "पण ताई, चंद्र साडी आणतो का?" सगळे पुन्हा हसले. मीही हसले, राग गेला. त्याला मी दोन पोळ्या वाढल्या, तूप जास्त वाढलं. पाण्याचं, पावसाचं, गौरीच्या परीक्षेचं बोलला. पाऊण तासाने निघाला. साडी खुर्चीवर ठेवून गेला. दुसऱ्या दिवशी मी तीच साडी नेसून नणंदेकडे गेले. सगळ्यांनी रंगाचं कौतुक केलं. मी म्हणाले, भावाने दिली.

पुढच्या आषाढात बाळू गेला. सकाळी मळ्यात पाइप उचलताना बसला तो बसलाच. डॉक्टरांनी कारण सांगितलं आणि मला ते पटलं. गच्चीवरच्या चंद्राने काही ऐकलं, असं मी म्हणणार नाही. पण पटणं वेगळं. गोदावरीच्या काठावर दहाव्याच्या विधीला उभी असताना माझ्या डोक्यात एकच हिशेब चालू होता की माझ्या हाताने त्याला शेवटचं कुंकू कधी लागलं. त्या चंद्राच्या भाऊबीजेच्या आदल्या वर्षी. म्हणजे जाताना त्याचं एका भाऊबीजेचं घेणं माझ्याकडे राहून गेलं, आणि ते मी दिलं नाही.

तेव्हापासून मी एका गोष्टीला धरून होते. तो हसला होता. तो हसला, चंद्र साडी आणतो का म्हणाला, म्हणजे त्याला थट्टा कळली होती. बाळूच तो. घरी जाऊन त्याने मंदाला ओसरीवरूनच ओरडून सांगितलं असणार, "ऐका, ताईनं आज चंद्राला ओवाळलं." दोघं पोट धरून हसली असतील. हे मी स्वतःला इतक्या वेळा सांगितलं की मला मंदाचं हसणं ऐकू यायचं. मंदाला मात्र मी कधी विचारलं नाही. फोनवर बोलायचो, पण त्या विषयाच्या जवळ आलं की मी गौरीच्या कॉलेजचं काढायची.

पहिल्या वर्षी दिवाळी नव्हतीच. वर्षाच्या आत सण करायचा नसतो, हे मला फार सोयीचं पडलं. मंदाला बोलावलं नाही, मी गेले नाही. भाऊबीजेच्या संध्याकाळी मी पश्चिमेकडचे सगळे पडदे ओढून घेतले. चाळीस वर्षं शिकवलं असतं तरी त्याचं कारण मला मुलांना सांगता आलं नसतं. यांनी विचारलं, "अंधार का केलास?" मी म्हणाले, डास येतात.

गेल्या वर्षी केतकीने विषय काढला. तिची पिढी दुःखालाही कार्यक्रम लावते, असं मी तिला म्हणाले. तिचं म्हणणं होतं की मामी आणि गौरीला बोलवायचं, भाऊबीजेचं जेवण पूर्वीसारखंच करायचं आणि टेबलावर एक नवीन पद्धत सुरू करायची. पहिला घास घ्यायच्या आधी प्रत्येकाने मामाची एक गोष्ट सांगायची. हसवणारी असली तर उत्तम.

"पद्धती अशा ठरवून सुरू होत नसतात," मी म्हणाले.

"मग कशा होतात?"

"आपोआप."

"आई, आपोआप आता काहीच होणार नाहीये. मामा नाहीये."

मी मंदाला फोन केला. ती म्हणाली, "ताई, तुमचा फोन येईल का नाय, तेच म्हणत होते." मागच्या वर्षी ती वाट बघत होती का, हे मी विचारलं नाही. तिच्या आवाजावरून कळलं.

ती आणि गौरी पाच वाजताच आल्या. मंदाने झेंडू चालू ठेवला आहे. फुलांच्या ऑर्डरी गौरी फोनवर घेते आणि बाजारात मंदा उभी राहते. तिची बोटं पिवळी होती. हातातलं टोपलं तिने दाराजवळच्या त्याच कोपऱ्यात ठेवलं जिथे बाळू ठेवायचा. तिला कोणी सांगितलं नव्हतं. मी स्वयंपाकघरात गेले आणि उगीच कुरडया तळत बसले.

खुर्चीचा प्रश्न होता. ती रिकामी ठेवायची की कोणी बसायचं? केतकी म्हणाली रिकामी, हे म्हणाले आपण सगळेच एक-एक सरकून बसू. बोलणं वाढत चाललं तेव्हा गौरी उठली आणि जाऊन त्या खुर्चीत बसली. "मला इथून पंखा लागतो," म्हणाली. वडलांसारखीच, कारण काहीही. मी तिला ओवाळलं. कुंकू थोडं वाकडं लागलं. मग मंदासमोर मी हळदीकुंकवाची कोयरी धरली. तिने कपाळ पुढे केलं नाही आणि मागेही घेतलं नाही. मी लावलं.

गोष्टी सुरू झाल्या. यांनी सांगितलं की बाळू एकदा पुरणपोळीचा घास हातात धरून टेबलावरच झोपला होता आणि दहा मिनिटांनी जागा झाल्यावर त्याने अर्धवट राहिलेलं वाक्य पुढे चालू केलं. गौरीने सांगितलं की ती स्कूटी शिकत होती तेव्हा पप्पा मागून धावत होते, पण त्याच्या आदल्या दिवशीच गावभर सांगून आले होते की गौरीला गाडी येते. सगळे हसत होते. केतकीची पद्धत चालली होती आणि मी मनात तिला मार्क देत होते. मग मंदाची पाळी आली. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"मी काय सांगू," म्हणाली. "शेवटच्या भाऊबीजेचंच सांगते."

माझा हात आमटीच्या पळीवर होता, तो तिथेच राहिला. आता ती चंद्राचं सांगणार. मला एका बाजूने भीती वाटली आणि दुसऱ्या बाजूने मोकळं वाटलं, की चला, हसू देत सगळ्यांना, एकदाचं होऊन जाऊ दे.

"इथून जेवून आले ना ते," मंदा म्हणाली, "मी ओसरीवरच बसले होते. गाडी लावली, उजेडात आले, तर कपाळाला ह्ये एवढं कुंकू. भुवईपासून पार केसात. मी म्हणलं, अहो, ताईंनी ओवाळलं का रंगवलं? तर म्हणले, 'ताई हाय ती. लावलं की लावतेच.' अक्षता एक पण नव्हती. मी म्हणलं, अक्षता कुठं गेल्या? तर म्हणले, गाडीवर वाऱ्यानं उडाल्या. आणि ताई, दोन दिवस पुसलं नाय त्यांनी ते. तोंड धुवायचे ते पण खालून खालून. लय अप्रूप होतं त्यांना तुमच्या ओवाळण्याचं."

केतकी हसली. तिला काही माहीत नव्हतं. यांनी माझ्याकडे बघितलं आणि मग आपल्या ताटाकडे बघत राहिले. टेबलावर त्या दिवशीचं माहीत असलेली आम्ही दोघंच होतो.

ज्या माणसाच्या तोंडात तीळ भिजत नव्हता, त्याने ही एक गोष्ट घरी सांगितली नाही. थट्टा वाटली असती तर त्याने फाटकातूनच सांगितली असती. इथे माझ्या पाहुण्यांसमोर तो हसला, मला खाली बघावं लागू नये म्हणून. आणि तिकडे बायकोसमोर रिकामं कपाळ घेऊन जाववलं नाही, म्हणून वाटेत कुठेतरी गाडी थांबवून स्वतःच्या हाताने कुंकू लावून गेला. इतकी वर्षं माझं बोट लागलेल्या जागी त्याने स्वतःचा अंगठा टेकवला. शेतकऱ्याचा अंगठा, म्हणून ते एवढं मोठं झालं. मी दोन वर्षं धरून ठेवलेलं त्याचं हसणं त्या एका मिनिटात माझ्या हातातून गेलं. त्याला लागलं होतं. फार लागलं होतं.

मी सांगणारच होते. तोंड उघडलं होतं. तेवढ्यात गौरीने विचारलं, "पण आत्या, एवढं मोठं का लावलं होतंस?"

मंदा माझ्याकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत बाळूचं ते कुंकू दिसत होतं. नवऱ्याच्या शेवटच्या दिवाळीची तिच्याकडे असलेली ती सगळ्यात धड आठवण होती. बहिणीने मायेने माखलेलं कपाळ घेऊन घरी आलेला माणूस.

"उशीर केला होता ना त्याने," मी म्हणाले. "म्हटलं, लांबूनसुद्धा दिसलं पाहिजे लोकांना की याला बहीण आहे."

मंदा हसली. पदर तोंडाला लावून, खांदे हलवत हसली. बाळू गेल्यापासून तिला हसताना मी पहिल्यांदा बघितलं. तिच्यामागून गौरी हसली, केतकी हसली. "हीच गोष्ट दरवर्षी हवी," केतकी म्हणाली, आणि मग आम्ही जेवायला सुरुवात केली. पुरणपोळी चांगली झाली होती, असं सगळे म्हणाले.

त्या गेल्यावर मी ओट्याशी उभी होते. हे आत आले. "सांगायचं नव्हतं का तिला?" म्हणाले.

"कोणासाठी सांगू?" मी विचारलं.

त्यांनी भांडी विसळायला घेतली, जे ते कधी करत नाहीत.

बाळूची घरी जायची वाट पंचवटीतून होती, आणि त्यानंतर तिथून जाताना मला एक खोड लागली आहे. रिक्षातून मी देवळं बघत जाते. मोठी नव्हे, रस्त्याकडेची छोटी, जिथे गाडी बंद न करता थांबता येतं आणि कट्ट्यावर कुंकवाची वाटी उघडी असते. हे असेल का? की तिथलं, पिंपळाखालचं? तिथे आरसा नसणार. गाडीच्या आरशात बघून लावलं असेल त्याने. कोणी बघत नाही ना, हे बघितलं असेल. बाळूला लाजताना मी कधी बघितलं नाही, त्यामुळे तो तिथे कसा उभा असेल हे मला नीट कल्पनेत आणता येत नाही. आरशासमोर उभं राहून मी एकदा स्वतःच्या कपाळाला अंगठ्याने कुंकू लावून बघितलं. ते भुवईपासून केसात गेलं. मग मी ते पुसलं आणि भाजी चिरायला बसले.

कधी कधी वाटतं, सांगून मोकळं व्हावं. मंदा चांगली आहे, ती मला माफ करेल. पण मोकळी मीच होईन. तिच्याकडे काय उरेल? देवळाच्या कट्ट्याशी एकटा उभा असलेला नवरा. मी चूक केली ती मीच सोसली पाहिजे, तिची आठवण मोडून ती वाटून घेण्याचा मला हक्क नाही. हे मला कळतं. तरी भाऊबीज जवळ आली की ओठांवर येतं.

परवा गौरीचा फोन आला. यंदा फुलं चांगली आहेत म्हणाली, पाऊस वेळेवर थांबला. भाऊबीजेला पाच वाजता येतो म्हणाली. मग म्हणाली, "आत्या, पप्पांच्या कुंकवाची गोष्ट यंदा मी सांगणार हं. मम्मी मधे मधे विसरते. आमच्या कॉलेजात पण सांगितली मी, सगळ्यांना लय आवडली." मी म्हणाले, सांग की. तिला वडलांसारखीच सवय, बोलता बोलता गोष्ट वाढवते. आता तिच्या गोष्टीत कुंकू नाकाच्या शेंड्यापर्यंत आलं आहे आणि आत्याने वाटीच्या वाटी त्यांच्यावर उपडी केली आहे.

"असंच होतं ना गं, आत्या?" तिने विचारलं.

"नाही," मी म्हणाले, "दोन वाट्या होत्या."